सही नसलेलं पान

‘रिअलिस्टिक’ हा शब्द कुणी तोंडातून काढला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचा बिचारा एखाद्या मालिकेबद्दल नाहीतर मोबाइलवरच्या नव्या गेमबद्दल बोलत असतो आणि मी उगाच त्याच्यावर खेकसतो. बायको म्हणते, तुम्हाला शब्दांची ॲलर्जी आहे. शब्दांची नाही, एकाच शब्दाची आहे. ती मला जडली नव्वदचं दशक संपता संपता, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, मी ड्राफ्ट्समन होतो तेव्हा.

डिप्लोमा करून मी एका छोट्या टूलरूममध्ये चिकटलो होतो. तिथे जिग-फिक्स्चर बनायची. म्हणजे मोठ्या कारखान्यात एखाद्या भागाला भोकं पाडायची असली की तो भाग तसूभरही हलू नये म्हणून त्याला आवळून धरणारी लोखंडी चौकट. आमच्याकडे अजून कॉम्प्युटर आलेला नव्हता. बोर्ड, ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, आणि अमोनियाच्या प्रिंटचा डोळ्यांत झोंबणारा वास. माझं अक्षर छापल्यासारखं यायचं आणि त्याचा मला माज होता. उगाच गोड शब्द कशाला शोधा, माजच होता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही चार मित्र कॉलेज रोडला एकाच्या घरी जमायचो. त्याच्या मामाने परदेशातून एक जाडजूड पुस्तक आणि आठ, बारा, वीस बाजूंचे फासे पाठवले होते. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायची, आणि तलवार लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं. ज्याचं घर तोच गोष्ट सांगणारा. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. त्याच्या आईला वाटायचं आम्ही जुगार खेळतो. पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता ती फाशांकडे असं बघायची की घास घशाखाली उतरू नये.

वर्षभराने आम्हाला त्या परक्या पुस्तकातलं जग पुरेनासं झालं. मास्तरने ठरवलं, आपलंच जग बनवायचं. चार राज्यं, दोन बंदरं, मध्ये डोंगर, आणि त्या सगळ्याचं एक स्वतःचं पुस्तक. आणि त्यातलं सगळं कसं पाहिजे? रिअलिस्टिक. परदेशी पुस्तकात क्रॉसबोबद्दल एक ओळ होती, इतकी इजा, इतकं अंतर. मास्तर म्हणाला, हे असलं पोरखेळासारखं चालणार नाही. तो चढवतात कसा, दोरी कशाला अडते, चढवायला वेळ किती लागतो, पावसात भिजला तर काय होतं, सगळं यायला हवं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी ‘इंजिनिअर’ होतो. मी इंजिनिअर नव्हतो, पण कुणी आपल्याला चुकून मोठं म्हटलं तर दुरुस्त करायची आपली पद्धत नाही.

क्रॉसबोला आम्ही आडधनुष्य म्हणायचो. बंदुकीच्या दस्त्यासारखा लाकडी दांडा, त्याच्या तोंडावर आडवं बसवलेलं धनुष्य, दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, खटका दाबला की बाण सुटला. मी तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून ते काढत बसलो. पोलादी धनुष्य, मापं, टॉलरन्स, तीन बाजूंनी दिसणारी दृश्यं. हिशेब केला, फॅक्टर ऑफ सेफ्टी चार धरला, म्हणजे लागेल त्याच्या चौपट ताकदीचं. ड्रॉइंग असं देखणं झालं होतं की मीच मागे सरकून त्याच्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, “भाऊ, हा वाकंल कवा?”

ते आमचे फिटर होते. वय पन्नाशीच्या अलीकडे, हरसूलच्या वर डोंगरात एका पाड्यावरचे. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेले, मग भात लावणीच्या मजुरीला, मग नाशिकला, हेल्पर म्हणून लागून वीस वर्षांत असे तयार झालेले की अख्ख्या अंबडमध्ये कानस धरणारा तसा दुसरा हात नसेल. मी त्यांना दादा म्हणायचो. मी म्हणालो, वाकू नये म्हणून तर जाड केलाय ना दादा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉइंगकडे पाहिलं, आणि हसायला लागले. पाच मिनिटं हसत होते. डोळे पुसायला खिशातलं कापसाचं बोंदर काढलं त्यांनी.

आमची सगळी अक्कल वस्तू वाकू नये यासाठी तयार झालेली. मी धनुष्य असं काढलं होतं की दोन बैल जुंपले तरी ते हललं नसतं. ही चूक फिक्स्चरवाल्या माणसाखेरीज जगात कुणी केली नसती. धनुष्य म्हणजे फिक्स्चरच्या बरोब्बर उलट, एवढी साधी गोष्ट मला कागदावर दिसली नाही.

त्या दिवसापासून दादा माझे गुरू झाले. हे मी तेव्हा कबूल केलं असतं की नाही, माहीत नाही. घरी त्यांचा बांबूचा तीरकामठा होता. त्यांच्या बापाने त्यांना करायला शिकवलेला. एका सोमवारी गावाहून येताना ते तो पोत्यात गुंडाळून घेऊनच आले. मला त्यांनी दाखवलं की कामठा मधे जाड आणि टोकांकडे निमुळता का असतो, वाकण्याचं काम सगळ्या लांबीने वाटून कसं घ्यायचं. वापर झाला की दोरी उतरवून ठेवायची, चढवलेला ठेवला तर तो मरतो. बाण न लावता दोरी सोडायची नाही, लाकूड दुभंगतं. यातलं एक अक्षर माझ्या पुस्तकात नव्हतं. आणि मी डिप्लोमावाला.

मग आम्ही खरोखरचं एक आडधनुष्य केलंच. भंगारातला टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा घेतला आणि दादांनी तो जेवणाच्या सुट्टीत घासायला घेतला. महिना-दीड महिना चाललं होतं. मी कॅलिपर लावून बघायचो, डावी बाजू उजवीपेक्षा केसभर जाड आहे म्हणायचो, ते परत घासायचे. एकदा मी अर्ध्या मिलिमीटरसाठी त्यांना तीनदा घासायला लावलं. खटक्यातल्या, दोरी अडकवायच्या चकतीची मी काढलेली धार त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, ही दोरीच कापंल. पुढच्या बाजाराला हरसूलहून म्हशीच्या शिंगाचा तुकडा आणला आणि त्याची चकती केली. इतकी गुळगुळीत, की हातातून सोडवत नसे. माझ्या ड्रॉइंगमध्ये मग ‘शिंग’ असं साहित्य लिहिलं गेलं.

कारखान्यामागे बर, म्हणजे लोखंडाचा कीस, भरलेली पोती रचून आम्ही ते चालवून पाहिलं. मी घड्याळ लावलं. आडधनुष्याच्या टोकाच्या रिकिबीत पाय अडकवून, कंबरेतून ताणून, दोरी चढवून, बाण ठेवून सोडेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दादांनी आपल्या कामठ्यातून पाच बाण मारले, पाचही एका पोत्यात. ते म्हणाले की तुमचं हे यंत्र दोन दिवसांत कुणालाही येईल, आमचं यायला हातात लहानपणापासून असावं लागतं. मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. आमच्या पुस्तकात ते आलंही: ‘आडधनुष्याला कौशल्य लागत नाही.’

आता मुद्द्याचं सांगतो. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणारा कोण, तपासणारा कोण, मंजूर करणारा कोण, तीन रकाने. आमच्या टूलरूममध्ये तपासणाऱ्याच्या रकान्यात मालकाच्या पुतण्याची सही असायची. त्याला मायक्रोमीटर धड वाचता येत नव्हता. चुका काढायचे दादा. ड्रॉइंग त्यांच्या बाकावर गेलं की ते न बोलता माझ्याकडे घेऊन यायचे, चुकलेल्या मापावर अंगठा ठेवायचे आणि उभे राहायचे. मी खोडून सुधारायचो, ते परत जायचे. वीस वर्षं त्यांनी माझ्यासारख्या किती जणांची अब्रू वाचवली असेल, आणि कागदावर त्यांचं कुठे नावही नाही.

मी त्यांना म्हणालो, दादा, आमच्या पुस्तकात आडधनुष्याची सहा पानं येणार, सहाही पानांवर तपासणाऱ्याच्या रकान्यात तुमची सही असेल. दुसऱ्या दिवशी बघतो तर पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने सही गिरवत बसलेले. पगारपत्रकावर करायचे ती नव्हे, नवीन, वळणदार. गावाकडे पुतण्यांना सांगून आले की माझी सही पुस्तकात येणार हाय. दर सोमवारी विचारायचे, भाऊ, पुस्तक कुठवर आलं. त्या माणसाने माझ्याकडे दुसरं काहीच मागितलेलं नव्हतं. सहा सह्या त्यांनी ट्रेसिंगवर केल्या तेव्हा आधी साबणाने हात धुऊन आले होते.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, काय छान माणूस आहे हा लिहिणारा. थांबा जरा.

कॉलेज रोडला त्याच महिन्यांत मी काय करत होतो? नकला. खेळात एक पात्र मी घेतलं होतं, डोंगरातला एक रानटी वाटाड्या. त्याला मी दादांचा आवाज दिला. ते हाय आणि नाय, ती मान तिरकी करून बघायची सवय, सगळं. मला नक्कल फार चांगली यायची. मित्र हसून हसून लोळायचे, मास्तरची आईसुद्धा दारात उभी राहून हसायची. सोमवारी मी परत दादांच्या बाकाशी बसून शिकायचो. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मला कधी अवघडल्यासारखंही झालं नाही, आणि आज सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच येते.

पुस्तक पुरं होत आलं आणि मास्तरने अडचण काढली. म्हणाला, डोंगरातली माणसं धनुष्यात एवढी तरबेज, त्यात त्यांना आडधनुष्यही मिळालं तर दुसरी पात्रं घेणार कोण? बॅलन्स जातो. त्यांना कुठेतरी कमी करायला पाहिजे. मग एक तक्ता करायचं ठरलं, कुठल्या लोकांना कुठलं शस्त्र चालतं, कुणाची ताकद किती, बुद्धी किती. माझं अक्षर चांगलं, तेव्हा तक्ता मी लिहायचा. मी लिहिला. ऑफिसचाच चौकट छापलेला कागद घेतला, तेच सातवं पान झालं. ‘डोंगरी लोक: ताकद अधिक दोन. बुद्धी उणे चार. आडधनुष्य वर्ज्य; यंत्राची रचना त्यांच्या आकलनापलीकडे.’ खाली डोंगरी माणसाच्या बोलण्याचा एक नमुना टाकला, खेळणाऱ्याला सूर सापडावा म्हणून. ‘वर्ज्य’ हा शब्द मला फार आवडला होता, तो मी जरा ठळक काढला. हे काही ड्रॉइंग नव्हतं, म्हणून कोपऱ्यातले तिन्ही रकाने कोरे सोडले.

दहा प्रती झेरॉक्स केल्या, स्पायरल बाइंडिंग केलं. आणि मी काय करावं? एक प्रत लपवून ठेवावी, सातवं पान काढून टाकावं, काहीतरी. नाही. मी ती प्रत मिरवत टूलरूममध्ये नेली आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, दादांच्या हातात ठेवली. लपवली असती तर निदान मला कळत होतं असं तरी म्हणता आलं असतं. मला काडीचंही कळत नव्हतं.

दादांनी हात पुसले. वर्तमानपत्र वाचायचे तसंच मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाचायला लागले. पहिल्या पानावरची सही त्यांनी सगळ्यांना दाखवली. वेल्डरने टाळी दिली, कुणीतरी आता पार्टी पाहिजे म्हणालं. सहा पानं त्यांनी एकही माप न गाळता वाचली. चकतीच्या पानावर थांबून म्हणाले, शिंग बरोबर लिवलंय. मी शेजारी बसून पोळीचा घास मोडत होतो आणि फुगलो होतो.

मग त्यांनी पान उलटलं. त्याच आवाजात, त्याच वेगाने वाचत गेले. “डोंगरी लोक. ताकद अधिक दोन. बुद्धी उणे चार.” कुणाला काही कळलं नाही, लोक जेवत होते. “आडधनुष्य वर्ज्य. यंत्राची रचना त्यांच्या... आकलना... आकलनापलीकडे.” मला अजूनही कळलं नव्हतं. मला कळलं ते त्यांनी पुढची ओळ वाचली तेव्हा. तो बोलण्याचा नमुना.

“आमाला काय कळतं सायेब, आमी रानातली माणसं.”

ही ओळ मी कुठून आणली होती ते सांगायला हवं. एका दुपारी चहाच्या टपरीवर दादांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली होती. ते लहान असताना जंगलखात्याचा एक गार्ड पाड्यावर आला, बापाचा कामठा त्याने गुडघ्यावर मोडला, आणि हे करायला कुणी शिकवलं म्हणून दरडावायला लागला. बापाने हात जोडले आणि हे वाक्य बोलला. गार्ड शिव्या देत निघून गेला. दादा म्हणाले होते की माझ्या बापाला जंगलातलं एकेक झाड कळायचं. घरातली पोरं वाचावी म्हणून तेवढं एकच खोटं तो आयुष्यात बोलला. मला त्या गोष्टीतलं ते वाक्य तेवढं लक्षात राहिलं. सूर चांगला होता म्हणून.

दादांनी पुस्तक मिटलं नाही. पान तसंच उघडं ठेवून त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. माझं अक्षर त्या टूलरूममध्ये आंधळ्यानेही ओळखलं असतं. मग मी जे बोललो ते आठवलं की आजही जीभ हासडून टाकावीशी वाटते. मी म्हणालो, “अहो दादा, गेम आहे तो. काल्पनिक. खरं थोडंच आहे?”

त्यांनी ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, “धनुष्य खरं पायजे म्हणून अर्ध्या मिलीला तुमी मला तीनदा घासाया लावलं. माणूस मातर कसा बी चालला तुमाला, साहेब.”

पुस्तक त्यांनी माझ्या डब्याशेजारी ठेवलं आणि नळावर हात धुवायला गेले. आवाज चढवला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी सुटताना फक्त एवढंच म्हणाले की त्या सह्या काढून टाका. ट्रेसिंगवरची शाई काढायची म्हणजे ब्लेडने खरवडावी लागते, कागद न फाटू देता. मी दुसऱ्या दिवशी सहाही सह्या खरवडल्या. प्रती मात्र वाटून झाल्या होत्या. मित्रांकडून मी त्या परत मागितल्या नाहीत. कारण विचारतील म्हणून.

त्यानंतर दादा मला कधी भाऊ म्हणाले नाहीत. साहेब. टूलरूममध्ये नव्याने आलेल्यांना वाटलं, मला बढती मिळाली. आणि ड्रॉइंगवर अंगठा ठेवायला ते परत आले नाहीत. पंधरवड्यातच मी एका फिक्स्चरमध्ये दोन पिनांमधलं अंतर चुकवलं, ढळढळीत चूक, त्यांना लांबून दिसली असणार. त्यांनी ते फिक्स्चर ड्रॉइंगप्रमाणे बनवलं, मायक्रॉनमध्ये अचूक. भंगारात गेलं. मालकाने मला सगळ्यांसमोर झाडलं, मी तणतणत दादांकडे गेलो. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, ड्रॉइंगमध्ये तसंच हाय, साहेब. तपासायचं काम मालकाच्या पुतण्याचं होतं, त्यांचं नव्हतंच. मला राग आला आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना. पुढे पाच वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. पाच वर्षांत मी माफी मागितली नाही. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज काहीतरी अर्जंट काम निघायचं. आपण किती सोयीने कामात असतो.

दादा काम सोडून गावी गेले. मी दुसऱ्या मोठ्या कारखान्यात डिझाइनला लागलो, कॉम्प्युटरवर. चौघांचा खेळ कधीच मोडला होता. मास्तर अमेरिकेला गेला आणि त्याने तिथे आपल्या जगाची एक वेबसाइट काढली. मला लिंक पाठवली. सातही पानं त्याने जशीच्या तशी स्कॅन करून टाकली होती, तक्त्याच्या शेजारी त्याचं इंग्रजी. त्याची प्रत जुनी, त्यामुळे सहाही पानांवर दादांची ती वळणदार सही शाबूत. खाली जगभरच्या लोकांनी लिहिलं होतं, वाहवा, इतकी रिअलिस्टिक आडधनुष्यं कुठे पाहिली नाहीत, आणि ही सही कुणाची?

मी मास्तरला लिहिलं, सह्या काढ आणि तो डोंगरी लोकांचा तक्ताही काढ. त्याचं उत्तर आलं, तक्ता काढला तर बॅलन्स जातो, आणि सहीमुळेच तर सगळं ऑथेंटिक वाटतं. खाली हसरा चेहरा. फोन करून भांडायला मला सुचलं नाही असं नाही, पण मी केला नाही.

एका बाजारच्या दिवशी मी हरसूलला गेलो. दादा बाजारातच भेटले, नागलीचं पोतं घेऊन बसलेले. केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी तसेच. या साहेब म्हणाले, बसायला पोतं झटकून दिलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. इंटरनेट काय ते समजावायला लागलो तर म्हणाले, नातू दाखवतो, माहीत हाय. मी म्हणालो, सह्या निघत नाहीयेत, तुमची परवानगी नसताना त्या तिथे आहेत, तुम्ही म्हणाल तर मी त्याच्यामागे हात धुऊन लागतो. आणि मग, इतक्या वर्षांनी, बाजाराच्या गलक्यात, मी म्हणालो की दादा, माझं चुकलं.

त्यांनी एका गिऱ्हाइकाला नागली मापून दिली. मग माझ्याकडे वळले.

“सही राहू द्या. ती सहा पानं मी तपासली हायेत, ती बरोबर हायेत. त्या सातव्या पानावर कोणाची सही हाय?”

मी म्हणालो, कुणाचीच नाही.

“मंग ती तेवढी करा,” ते म्हणाले. “ते पान कोणी काढलं ते लोकांना कळाया नको का?”

चहा आला. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. पाऊसपाण्याच्या चार गोष्टी झाल्या आणि मी पाच वाजताच्या गाडीने परत आलो.

काम किती होतं? एक पान प्रिंट करायचं, कोपऱ्यातल्या रकान्यात नाव लिहायचं, स्कॅन करून मास्तरला पाठवायचं. मास्तरने ते हसत हसत टाकलंही असतं. मी प्रिंट काढली. पेन उघडलं. मग वाटलं, ऑफिसात डोंगराकडची तीन पोरं माझ्या हाताखाली आहेत, त्यांनी पाहिलं तर? मुलगी उद्या इंटरनेटवर बापाचं नाव शोधेल, तिला हे सापडलं तर? पेन बंद केलं. ती प्रिंट कपाटात पडून आहे. दादा जाऊनही आता काही वर्षं झाली.

हे सगळं मी लिहून काढलं, एवढा आव आणून, स्वतःला एवढ्या शिव्या घालून. वाचणाऱ्याला वाटेल, दादांचा मान राखायला याने कुणाचं नाव घेतलेलं नाही. दादांनी सही राहू द्या म्हणून सांगितलं होतं. नाव लपवलंय ते माझं.